सोमनाथ ते द्वारका गाडीने: सपाट रस्ता, खारा वारा आणि डांबराची कड

वाटचाल | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, परवाच सौराष्ट्रातून घरी पोचलो. आई, बायको आणि मी, नाशिक ते द्वारका आणि परत. गाडी आमची नऊ वर्षांची छोटी हॅचबॅक. दर्शन, प्रसाद, धर्मशाळा यावर इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून त्यात शिरत नाही. मला रस्त्याबद्दल लिहायचंय. निघण्याआधी ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने एकच सांगितलं, "रस्ता एकदम लोण्यासारखा आहे, डोळे मिटून जा." रस्ता खरंच तसा होता आणि त्याच रस्त्यावर माझा टायर गेला.

जाताना सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याच्या बोटीत गाडी चढवली. २०२० च्या नोव्हेंबरात ही सेवा सुरू झाली. रस्त्याने खंबातच्या आखाताला वळसा घालून ३७० किमी पडतात, पाण्यातून ९० किमीच. चारेक तास आई वरच्या डेकवर शाल गुंडाळून बसली होती आणि मला गाडी चालवावी लागत नव्हती. पुढे भावनगर, तळाजा, महुवा, उना, कोडिनार, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका. हा सगळा राष्ट्रीय महामार्ग ५१, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'आठ-ई'.

आपण घाटातली माणसं. कसारा उतरताना हात आपोआप गिअरवर जातो आणि कान इंजिनाकडे असतो. इथे तासन्‌तास चौथा-पाचवा सोडून काही लागत नाही. रस्ता नाकासमोर, डावीकडे माडांच्या बागा नाहीतर रेती, उजवीकडे हरभरा. ऐंशीचा वेग पन्नाससारखा वाटतो, कारण बाजूने वेगाने मागे पळणारं काही नसतंच. डोळा क्षितिजावर जाऊन बसतो आणि दहा फुटांवरचं डांबर दिसेनासं होतं. हे मला दोनशे किलोमीटरनंतर कळलं.

माधवपूरला रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की लाटांचा आवाज बंद काचेतून येतो. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं असं मानतात. आई म्हणाली, "आपल्या कौंडिण्यपूरची लेक, एवढ्या लांब दिली." थांबलो, चहा घेतला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून डांबर जवळून पाहिलं. खडीच्या डोक्यांवरचं डांबर घासून गेलेलं, काळा दगड करडा दिसत होता. दगडांमधल्या फटींत पिवळी रेती घट्ट बसलेली. किनाऱ्याकडची पांढरी रेघ काही ठिकाणी दिसतच नव्हती, कारण वाऱ्याने आणलेल्या रेतीची जीभ साइडपट्टीवरून थेट डांबरावर आली होती. बोटाने बाजूला सारली तर खाली रेघ शाबूत होती.

तिथून पुढे पोरबंदरकडे निघालो तेव्हा सूर्य बुडून पंधराएक मिनिटं झाली होती. वेग पंचाहत्तर. एक लहानशी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा छोटा पूल. पाटी नाही, खड्डा नाही, डांबर सलग काळंभोर. गाडी आधी खाली बसली आणि मग धाडकन वर आपटली. आई मागे जवळजवळ सीटवरून उचलली गेली. दोनशे मीटरवर थांबून पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरच्या बगलेला अंड्याएवढा फुगा. स्टेपनी चढवताना एक छकडोवाला (छकडो म्हणजे तिकडची तीनचाकी गाडी) पोरगा आपणहून थांबला आणि मोबाइलचा उजेड धरून शेवटचा नट आवळेपर्यंत उभा राहिला. पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच म्हणाला, "बा साथे छे, धीमे जजो." आई सोबत आहे, हळू जा.

तर मला विचारायचंय ते हे. खड्डा दिसतो, तो टाळता येतो. पण रस्ता वरून सुरेख आणि खालून खचलेला असेल तर चालवणाऱ्याने काय बघायचं? आणि सपाट मुलखात हे का होतं?

मृण्मयी_ठाणे | १४ डिसेंबर, रात्री १०.१५

आईंना लागलं नाही ना? कंबरेचं दुखणं दोन दिवसांनी डोकं वर काढतं, एकदा दाखवून घ्या.

आम्ही गेल्या वर्षी ठाण्याहून सगळा प्रवास रस्त्यानेच केला, गाडी पूर्णवेळ मी चालवली. पालघर जिल्ह्यात महामार्ग ४८ वर व्हाइट टॉपिंगचं, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर द्यायचं, काम चालू होतं, तिथेच निम्मी शक्ती संपली. त्यामुळे सोमनाथच्या पुढे लागल्यावर स्वर्ग वाटला. तुमचं क्षितिजाचं वाक्य तंतोतंत पटलं. सासूबाई शेजारी बसून अधूनमधून वेग मोठ्याने वाचायच्या. सुरुवातीला चिडचिड झाली, नंतर मीच त्यांना वाचत राहा म्हटलं.

ओख्याहून बेट द्वारकेला आता सुदर्शन सेतूवरून गाडी जाते. २.३२ किमी, फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. पुलावर वारा आडवा येतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

खडीकरण | १५ डिसेंबर, सकाळी ६.५०

वाटचाल, प्रश्न नेमका विचारलात. मी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, त्यातली बरीच पालघर आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवर. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमची गाडी जिथे बसली तो खड्डा नाहीच. तो मोरीच्या पाठीचा भराव आहे. मोरी किंवा पूल पक्क्या पायावर उभा असतो, तो तसूभर हलत नाही. त्याच्या मागे मुरूम-माती टाकून रस्ता त्या पातळीला आणतात. हा भराव थराथराने टाकून, पाणी मारून दाबायचा असतो. पण मोठा रोलर भिंतीला चिकटून चालवता येत नाही, तिथे लहान यंत्राने किंवा हाताने दबाई करावी लागते. घाईत नेमका तोच दीड-दोन मीटरचा पट्टा कच्चा राहतो. मग दोन पावसाळ्यांत माती बसते, मोरी जागेवर राहते आणि मधे पायरी तयार होते. वरचं डांबर लवचीक असल्यामुळे फाटत नाही, मातीबरोबर खाली वाकतं. म्हणूनच ते सलग काळंभोर दिसतं. मोठ्या पुलांना हे टाळायला मागे काँक्रीटची ॲप्रोच स्लॅब टाकतात, निदान साडेतीन मीटर लांबीची. लहान मोऱ्यांना बहुतेक वेळा ती नसते.

सपाट मुलखातच का, तर तिथे रस्ता जमिनीवर नसतो, भरावावर असतो. पुराच्या पाण्याच्या वर ठेवण्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर बांध घालावा लागतो आणि पाणी आरपार जाण्यासाठी दर थोड्या अंतरावर मोरी. जितक्या मोऱ्या, तितक्या दुप्पट पायऱ्या होण्याची शक्यता.

दुसरी गोष्ट पाण्याची. घाटात पाणी रस्त्यावर थांबतच नाही, उतारच नेतो. सपाटीवर रस्त्याला लांबीत उतार नसतो, सगळी भिस्त आडव्या उतारावर. डांबरी रस्त्याला तो अडीच टक्के ठेवतात. सात मीटरच्या दुपदरीत मधल्या कण्यापासून कडेपर्यंत साडेतीन मीटर, म्हणजे कड कण्यापेक्षा जेमतेम नऊ सेंटिमीटर खाली. एवढ्याच्या जोरावर सगळं पावसाचं पाणी बाहेर जायला हवं. आता कडेला तुम्ही पाहिलीत तशी रेतीची जीभ साचली, किंवा साइडपट्टीवर माती-गवत चढून ती डांबरापेक्षा उंच झाली, की पाणी अडलं. मग ते डांबर आणि खडीच्या मधे शिरतं, डांबर दगडाला सोडतं आणि खडी सुटायला लागते. रस्ता मधून कधीच मरत नाही, कडेपासून मरतो. आमचे जुने मुकादम पावसाळ्याआधी फावडी घेऊन नुसती कड खरवडायला लावत. तेव्हा आम्हा तरुण पोरांना ते काम हलकं वाटायचं. आज वाटतं, खात्यातलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं.

ओळखायचं कसं हे संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेत सोडायचंय.

नगरी_बुलेट | १५ डिसेंबर, दुपारी १२.३०

काका, जरूर लिहा, वाट बघतोय.

तोवर दुचाकीवाल्यांसाठी. गेल्या जानेवारीत अहिल्यानगरहून आम्ही चौघं याच रस्त्याने गेलो. चाळीस मिनिटं सरळ गेल्यावर माधवपूरच्या अलीकडे एक हलकं वळण आलं, आणि त्या वळणावर नेमकी रेती. ब्रेक मारला नाही म्हणून वाचलो. रेतीवर मागचं चाक हळूच बाजूला सरकतं, त्या क्षणी काहीही करायचं नसतं, थ्रॉटल तसाच धरून सरळ निघून जायचं. माझ्या मागच्या मित्राने पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल निसटलं. गुडघा सोलला, हेल्मेट होतं म्हणून बाकी ठीक.

आणखी एक म्हणजे वेरावळच्या आसपास पहाटे मासळीचे ट्रक भेटतात. बर्फाचं पाणी मागून सतत गळत असतं, खारट आणि चिकट. त्या ओल्या पट्ट्यावर चाक ठेवू नका. ट्रकच्या चाकाच्या रेषेत न राहता थोडं बाजूने चाला.

सुहास_वसई | १५ डिसेंबर, दुपारी २.०५

सगळं मान्य, पण मूळ कारण वेगच आहे असं मला वाटतं. दुपदरी रस्त्यावर मोटारींची कमाल मर्यादा ७० आहे, दुभाजक असलेल्या चौपदरीवर १००. केंद्राने २०१८ साली ठरवलेले आकडे. गडू ते पोरबंदर हा पट्टा दुपदरी, दोन्ही बाजूंना पक्की साइडपट्टी. अंधार पडताना तिथे ७५ जास्तच झाले. रागावू नका, मीही असाच चालवायचो, म्हणून सांगतोय.

काकांना प्रश्न: किनाऱ्यावर सरळ काँक्रीटचेच रस्ते का करत नाहीत? एकदाचा खर्च होऊ द्या.

वाटचाल | १५ डिसेंबर, रात्री ८.१०

सुहासजी, राग कसला, चूक माझीच होती. साठवर असतो तर गाडी बसली असती, टायर गेला नसता. मृण्मयीताई, आई बरी आहे. काल डॉक्टरांनी पाहिलं, स्नायू आखडलेत एवढंच.

टायरबद्दल एक राहिलं. पोरबंदरला पंक्चरवाल्याने टायर काढून आतून दाखवला. आतले दोरे दोन बोटं रुंदीत तुटले होते. म्हणाला, हवा कमी होती, म्हणून रिमची कड आणि रस्ता यांच्या मधे टायर चिमटला गेला. मी निघताना हवा भरली होती, पण नेहमीची. तीन माणसं आणि डिकीभर सामान असताना जी जास्त हवा लागते तिचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. नऊ वर्षांत मी तो कधी वाचलाच नव्हता.

खडीकरण | १५ डिसेंबर, रात्री ९.३०

आधी सुहास यांचं. काँक्रीट पाण्याला दाद देत नाही हे खरं. पण काँक्रीटचा रस्ता म्हणजे साडेचार-साडेचार मीटरच्या फरश्या, सांध्यांत लोखंडी गजांनी जोडलेल्या. नव्या भरावाची माती बसायची बाकी असेल तर डांबर वाकतं, फरशी तडकते. डांबरावर आणखी एक थर देऊन पातळी सुधारता येते, तडकलेली फरशी फोडूनच काढावी लागते. शिवाय खाऱ्या हवेत सांध्यातून पाणी शिरलं की गज गंजतात. म्हणजे काँक्रीट वाईट असं नाही. माती बसलेल्या जुन्या रस्त्यावर, पाणी तुंबणाऱ्या गावठाणात ते उत्तम. पण खालची दबाई नीट नसेल तर वर सोनं ओतलं तरी रस्ता टिकायचा नाही.

खडीबद्दलही लिहितो, कारण वाटचाल यांनी ती जवळून पाहिलीय. त्या किनाऱ्यावर चुनखडीचा दगड मुबलक. पोरबंदरी दगड म्हणून मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींच्या कोरीव कामात तो आहे. चुनखडी डांबराला छान धरते, पण चाकांखाली घासून गुळगुळीत होते आणि पावसात चाक घसरतं. म्हणून वरच्या थरात आपला काळा कातळ चांगला. तुम्हाला करडी झालेली डोकी दिसली ती काळ्या खडीचीच. वरचं डांबर झिजून दगड उघडा पडणं हा दोष नाही, उलट टायरला पकड मिळते. उन्हाळ्यात डांबर वर येऊन काचेसारखी चकाकणारी जागा दिसते, भीती तिची धरा. पहिल्या पावसात तीच सगळ्यात निसरडी.

आता चालवताना काय बघायचं. मी नव्या ड्रायव्हरना हेच सांगत आलो.

मोरी आली हे कठड्यावरून कळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे-पांढरे पट्टे मारलेले बुटके कठडे समोरासमोर दिसले की तिथे मोरी आहे. पट्टे पुसले असले तरी आकार दिसतो. आणि पायरी आहे का, हे तेलाचे डाग सांगतात. गाडी आपटली की इंजिनाखाली चिकटलेला तेलाचा थेंब गळतो. हजारो गाड्यांचे थेंब एकाच जागी पडून पायरीच्या लगेच पुढे लेनच्या मधोमध काळा पट्टा उमटतो. दिवसा लक्ष दिलंत तर शंभर मीटरवरून दिसतो. काही वेळा डांबरावर खरवडल्याच्या पांढऱ्या रेघाही असतात, खाली लागलेल्या गाड्यांच्या. पुढच्या ट्रककडे बघत राहा. त्याची मागची फळी उसळली की तुमची पाळी येतेय.

रात्री यातलं काही दिसत नाही. म्हणून अशा रस्त्यावर अंधारानंतर पन्नास-साठच.

आणि डांबराची कड. समोरून वाहन आलं म्हणून डावं चाक खाली उतरलं आणि कड चार बोटं उंच असेल, तर लगेच उजवीकडे ओढू नका. चाक कडेला घासत राहतं, तुम्ही आणखी वळवता, मग एकदम वर चढतं आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये फेकली जाते. माझ्या नोकरीत सपाट रस्त्यावरचे जे अपघात मी पंचनाम्याच्या वेळी पाहिले, त्यातले कितीतरी असेच झालेले. ब्रेक न मारता वेग उतरू द्या, चाक खालीच राहू द्या, आणि कड उतरलेली जागा बघून सावकाश वर या.

निशिगंध | १६ डिसेंबर, सकाळी ११.२०

तेलाच्या डागाचं वाचून अंगावर काटा आला. रोज ऑफिसला जाताना एका पुलाआधी मी असा काळा पट्टा बघते, आणि तो काय सांगतोय हे मला आज कळलं.

ओखामंडळ | १६ डिसेंबर, रात्री १०.४५

नमस्कार. मी पोरबंदरला राहतो. आमचे खापरपणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत बडोद्याहून द्वारकेला आले. ओखामंडळ, म्हणजे द्वारकेभोवतीचा मुलूख, आणि कोडिनार तेव्हा बडोदा संस्थानात होते. त्यानंतर आम्ही इकडचेच झालो. घरात मराठी, दारात गुजराती. वाटचाल, आमच्या गावाजवळ तुमच्या आईंना त्रास झाला याचं वाईट वाटलं.

तुम्ही ज्या भागात होतात त्याला आम्ही घेड म्हणतो. भादर, ओझत, मधुवंती या नद्या जिथे समुद्राला मिळतात तो बशीसारखा खोलगट मुलूख. गंमत म्हणजे किनाऱ्याची कड उंच आणि आतली जमीन खोल. त्यामुळे पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं की इथे ते पसरतं आणि समुद्रात पटकन उतरत नाही, दिवसेंदिवस उभं राहतं. शेतं तळी होतात, गावं बेटं होतात. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर हरभरा पेरतात, तुम्ही उजवीकडे पाहिलात तो. म्हणजे काका म्हणतात ते भराव इथे वर्षातले कित्येक दिवस दोन्ही बाजूंनी पाण्यात भिजत उभे असतात. नवीबंदरजवळ भादर ओलांडताना डावी-उजवीकडे बघा, पाण्याच्या खुणा बाभळींच्या खोडांवर दिसतील.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी आदल्या दिवशी कुणा स्थानिकाला फोन करून रस्ता चालू आहे का विचारावं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपण जाऊ नये. खाली डांबर आहे की वाहून गेलंय हे वरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही. होळीच्या आधी फूलडोल उत्सवासाठी लाखो माणसं पायी द्वारकेला येतात. तुमच्या वारीसारखंच. कच्छ, राजकोट, जामनगर, सगळीकडून. दिवसा ऊन म्हणून रात्री चालतात, आणि चालतात ती साइडपट्टीवरूनच. तिथे साइडपट्टीला खड्डा असेल किंवा रेती साचली असेल तर माणूस डांबरावर येतो. मागून ट्रक. फाल्गुनात या रस्त्यावर यायचं तर साइडपट्टी वाहनांची नाही हे मनाशी धरून या. बारीक लाल दिवे लुकलुकताना दिसले तर ती काठीला बांधलेली बॅटरी असते.

त्या मोरीजवळचा किलोमीटरचा दगड आठवतो का?

वाटचाल | १६ डिसेंबर, रात्री ११.२०

ओखामंडळ, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. दगड पाहिला नव्हता, पण स्टेपनी बदलली तिथे मोबाइलवर जागा नोंदवली होती. व्यक्तिगत निरोपात पाठवतो. त्याच्या दोनशे मीटर मागे, माधवपूरच्या बाजूला. समुद्राकडच्या बाजूला एक एकटा ताड आहे.

मृण्मयी_ठाणे | १७ डिसेंबर, सकाळी ९.००

राष्ट्रीय महामार्गावरच्या अडचणीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, आणि राजमार्गयात्रा ॲपवर फोटोसह तक्रार टाकता येते. पण "माधवपूरच्या पुढे मोरी खराब" असं लिहून कुणाला काही कळणार नाही. नेमकी जागा आणि मोजमाप हवं.

खडीकरण | १७ डिसेंबर, सकाळी ९.४०

मृण्मयी यांचं बरोबर. मोजमाप अवघड नाही. तीन मीटरचा सरळ काठ रस्त्यावर लांबीत धरून त्याखालची फट मोजतात, खात्याची पद्धतही तीच. सरळ काठ नसेल तर तीन मीटर दोरी दोघांनी दोन टोकांना घट्ट ओढून धरा आणि मधे पट्टी उभी करा. मोरीच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही लेनमध्ये, डाव्या चाकाच्या रेषेत मोजा. चांगल्या डांबरावर ही फट मिलिमीटरांत असते. सोबत एक माणूस नुसता वाहनांवर लक्ष ठेवायला उभा करा, कमरेला काहीतरी भडक रंगाचं बांधून. मोजमापापेक्षा ते महत्त्वाचं.

ओखामंडळ | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७.१५

आज रविवार, जाऊन आलो. मी, माझा मुलगा आणि शेजारचा त्याचा मित्र. ताड लगेच सापडला. सकाळी साडेसात वाजता कोवळं ऊन आडवं पडतं तेव्हा ती खचलेली जागा सावलीने स्पष्ट दिसते, दुपारी अजिबात दिसत नाही. काका, तेलाचा पट्टा जसा लिहिलात तसाच होता, हाताएवढा रुंद आणि चांगला दोन मीटर लांब. हात लावला तर बोट काळं झालं.

दोरी ओढून मोजलं. माधवपूरकडच्या बाजूला, पोरबंदरला जाणाऱ्या लेनमध्ये ५२ मिमी. त्याच बाजूला दुसऱ्या लेनमध्ये ३१. पोरबंदरकडच्या बाजूला ११ आणि १४. म्हणजे एकच कोपरा खचलाय. खाली उतरून पाहिलं तर त्याच कोपऱ्यात कठड्याच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्याने घळ पाडलीय, मुलाचा हात कोपरापर्यंत आत गेला. साइडपट्टीची रेती पाणी अडवते आणि ते सगळं एका जागी खाली उतरतं.

आम्ही मोजत होतो त्या वीस मिनिटांत सात गाड्या आपटल्या. एका छकडोतून पाठीमागे बसलेल्या बाईची दुधाची बरणी उलटली.

फोटो काढलेत, पट्टी धरून आणि कठडा दिसेल असे.

खडीकरण | २१ डिसेंबर, रात्री ८.००

उत्तम काम केलंत. ५२ म्हणजे दोन इंच. वाटचाल यांचा टायर का गेला ते कळलं. तक्रारीत आता "खड्डा" हा शब्द अजिबात लिहू नका. खड्डा लिहिलंत तर कुणीतरी येऊन त्यावर डांबराचं ठिगळ मारून जाईल, आणि पुढच्या पावसाळ्यात ते ठिगळही खाली बसेल. असं लिहा: "मोरीच्या पाठीचा भराव खचला आहे, कठड्याच्या पायथ्याशी माती वाहून पोकळी झाली आहे." पोकळीचा फोटो पहिला लावा. त्यांना आधी ती पोकळी भरावी लागेल, मग दबाई, मग डांबर. आणि साइडपट्टीवरची रेती काढून पाण्याला वाट करून द्यायची मागणी वेगळ्या ओळीत करा.

नगरी_बुलेट | २१ डिसेंबर, रात्री ८.२५

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जातोय. ताड शोधून थांबणार, आणि ओखामंडळ दादांना भेटणार.

वाटचाल | २१ डिसेंबर, रात्री ९.५०

तक्रार आत्ता टाकली, काकांच्या शब्दांत, ओखामंडळ यांच्या आकड्यांनी आणि फोटोंनी. आईने शेवटची ओळ सांगितली आणि ती तशीच लिहिली: फाल्गुनात इथून पायी माणसं जाणार आहेत, त्याआधी व्हावं.

ओखामंडळ | ९ जानेवारी, रात्री ९.०५

आज कामावरून येताना मुद्दाम त्या बाजूने आलो. मोरीच्या अलीकडे दोन पिंपं पांढऱ्या-लाल पट्ट्यांची ठेवलीत, त्यांच्यामध्ये दोरी. कठड्याच्या कोपऱ्यात दगड उतरवलेत, अजून रचलेले नाहीत. साइडपट्टीवरची रेती शंभरएक मीटर खरवडलेली दिसली, खालची पांढरी रेघ उघडी झालीय. उद्या सकाळच्या उन्हात पुन्हा जाऊन फोटो टाकतो.